विनूची उसनी वाक्यं

मी भयकथा वाचते, पण त्यातलं काही मानत नाही. गेली सहा-सात वर्षं या पानावर गुपचूप येते, तुमचे अनुभव वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात कारण शोधून मोकळी होते... वायरिंग खराब असेल, झोप झाली नसेल, कुणीतरी फिरकी घेतली असेल. आज स्वतः लिहायला बसलेय, कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आणि ज्याच्याबद्दल हे आहे, तो आता नाही. त्याला कुणी काही बोलेल ही भीती उरली नाही.

मी कांचन, वय सेहेचाळीस. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये राहते. तीन मजली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, वन रूम किचन. काम तिथेच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, औषधांच्या एका पॅकिंग युनिटमध्ये. लेबलं तपासायची — बॅच नंबर, एक्स्पायरी, स्पेलिंग. दिवसभर बारीक अक्षरं वाचून घरी येऊन परत पुस्तक उघडते म्हणून कामावरच्या बायका हसतात. पण भयकथेत एक सोय असते. तिथे सगळ्याला कारण असतं. कुणीतरी मेलेलं असतं, काहीतरी पुरलेलं असतं, कुणीतरी शब्द मोडलेला असतो. आमच्या घरात जे होतं त्याचं कारण मात्र कुणीच सांगत नव्हतं.

आमच्या घरात विनू होता. विनायक, माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

विनू स्वतःचं वाक्य कधी बोलला नाही. तो इतरांची वाक्यं बोलायचा. आणि नुसती वाक्यं नाही, आवाजासकट. बसच्या कंडक्टरचं ‘पुढे चला, पुढे चला’, मेट्रोतल्या बाईचं ‘पुढील स्थानक’, आईचं मालवणी. समोर तोंड विनूचं आणि आवाज भलत्याचाच. बाबा गिरणीत होते तेव्हा आम्ही लालबागला राहायचो. तिथे चाळीत त्याला खुळा म्हणायचे. गावाला मालवणकडे त्याहून वाईट म्हणायचे.

तो नऊ वर्षांचा असताना आईबाबांनी त्याला गावी एका भगताकडे नेलं. मी सोळा वर्षांची, मला दाराबाहेर बसवलं. आत मिरच्यांचा धूर केला होता. विनू आतून बाबांच्या आवाजात ओरडत होता — ‘गप बस, लोक बघतायत! गप बस, लोक बघतायत!’ भगत म्हणाला, बघा, आतला बोलतोय.

आतलं कुणी नव्हतं. आमच्या बाबांचं रोजचं वाक्य होतं ते. त्या दिवशी मी असल्या गोष्टी मानणं कायमचं सोडलं.

बाबा केव्हाच गेले होते, तीन वर्षांपूर्वी आई गेली. विनूने जेवण सोडलं, म्हणून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात सांगितलं, हा ऑटिझम आहे. मला म्हणाले, “आजपर्यंत तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” विनू तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

तिथे अदिती नावाची एक स्पीच थेरपिस्ट मुलगी भेटली. तिने मला वाचायला पुस्तकं दिली — ऑटिझमवर, न्यूरोडायव्हर्सिटीवर. म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या घडणीचे असतात, आणि वेगळा म्हणजे बिघडलेला असं नाही. मी लंच टाइममध्ये ती वाचायचे, आणि जीव दमला की पिशवीतली भयकथा काढायचे. दोन्ही पुस्तकं एकाच पिशवीत. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की दोन्हींत एकच मूल आहे. नजरेला नजर देत नाही. तासन् तास एकाच जागी गोल फिरतं. वस्तू रांगेत लावतं, हलवल्या की किंचाळतं. दुसऱ्याच्या आवाजात बोलतं. एका पुस्तकात त्याला समजून घ्या म्हटलं होतं, दुसऱ्यात सगळं घर त्याला घाबरून होतं. इतकी वर्षं मी आवडीने दुसरं वाचत आले होते... आपल्या भावाला बाजूला झोपवून.

अदिती म्हणाली, “कांचनताई, तो पोपटासारखा बोलत नाही. ते वाक्य त्याने कधी ऐकलं, तेव्हा त्याला काय वाटत होतं, ते शोधा. तेच तो सांगत असतो. शब्द उसने आहेत, म्हणणं त्याचं आहे.”

मी वही केली. वाक्य, कुणाचं, कधीचं, आणि विनूला त्यातून काय म्हणायचंय. आमचा शेजार म्हणजे पारूमावशी. मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकते, दुपारी परत येते. मी कामावर असताना तीच विनूकडे बघायची. तिने खूप मदत केली. ‘गप बस, लोक बघतायत’ म्हणजे मला भीती वाटतेय. ‘पोटात दुखता काय रे?’ — आई त्याला विचारायची — म्हणजे माझं पोट दुखतंय. आणि आई रोज सकाळी मला हाक मारायची, ‘कांचन, डबो घेतलंस गो?’ ते वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा. मला वाटायचं त्याला डब्याचं काहीतरी आहे. वही लिहिताना कळलं, डब्याचं काही नाही. ती मला मारलेली हाक होती. माझं नाव त्याच्याकडे तेवढ्या एकाच वाक्यात होतं.

मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. अडतीस वर्षांचा भाऊ, आणि तो मला हाक मारतो हे मला आत्ता कळत होतं.

तोपर्यंत चांगलं चाललं होतं. मग शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीय, आवाज कानात नाही, दातांत येतो. विनूला कुकरची शिट्टी सहन व्हायची नाही. तो भिंतीवर डोकं आपटू लागला. कपाळ फुटलं, टाके घातले, टाके उसवले. उशा बांधल्या, हेडफोन आणले, ते त्याने फेकले. पारूमावशी एकदा आडवी आली तर तिचा हात पिरगळला गेला. माझ्या रजा संपल्या.

आणि त्याच दिवसांत विनू काही वाक्यं बोलायला लागला, जी वहीत नव्हती.

पहिलं एका बाईच्या आवाजात. घोगरा, नाकातला. ‘चपला बाहेर हां ताई, आत फरशी ओलीय.’ दुसरं एका पुरुषाचं, खोकत खोकत बोलल्यासारखं. ‘पहिला महिना येऊच नका. रुळू दे त्याला.’ पारूमावशीला विचारलं, बिल्डिंगमध्ये विचारलं. ते आवाज कुणालाच माहीत नव्हते. अदिती म्हणाली, टीव्ही असेल, कुणाचा मोबाईल असेल. मलाही ते पटलं.

तिसरं मी आरेच्या बसमध्ये ऐकलं. आरे म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल, तिथले किस्से या पानावर खूप आलेत. पण ते तसं नाही. ब्रेकर रविवारी बंद असायचा, तरी मी त्याला बाहेर काढायचे. आरे कॉलनीतून जाणारी बस त्याला आवडायची. दोन्ही बाजूंनी झाडं, गाईंचे गोठे, रस्ता शांत. खिडकीशी बसला की त्याचे खांदे खाली यायचे. त्या दुपारी बस अर्धी रिकामी होती. आणि माझ्या बाजूने माझाच आवाज आला.

‘हळू न्या ना... त्याला आवाज सहन होत नाही.’

मी बोलले नव्हते. विनू खिडकीबाहेर बघत होता. त्याने ते पुन्हा म्हटलं — माझ्या आवाजात, शेवटी आवाज थोडा फाटतो तसा. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी बोलतेय.

घरी आल्यावर पारूमावशीला सांगितलं.

“अगो, तूच बोलली असशील त्या ब्रेकरवाल्यांना.”

“मी त्यांना ‘हळू न्या’ कशाला म्हणेन? काय न्यायचंय त्यांना?”

ती जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “कांचन, हे बरं नाय. एकदा गावाला जाऊन देवाला गाऱ्हाणं घालून ये.”

मी तिच्यावर ओरडले. तुमच्यामुळेच त्याला धुरात बसवलं होतं, असं काहीतरी बोलले. तिचा त्यात काय संबंध? नंतर माफी मागितली. पण वहीत ती तीन वाक्यं मी शेवटच्या पानावर वेगळी लिहिली.

कर्जतच्या बाजूला एक निवासी संस्था आहे असं कामावर कुणीतरी सांगितलं. नाव लिहीत नाही, लोक वाईट नव्हते. मी एकटीच बघायला गेले. शेत, आंब्याची झाडं, बैठं कौलारू घर. आणि शांतता... इतकी की मला पहिल्यांदा वाटलं, इथे विनू जगेल. पायरीवर पाय ठेवला, तोच आतून एक बाई पोचा हातात घेऊन आली.

“चपला बाहेर हां ताई, आत फरशी ओलीय.”

घोगरा आवाज. नाकातला. तो ‘हां’ तसाच लांबवलेला.

मी तिथेच उभी राहिले. तिला विचारलं, “तुम्ही कधी मरोळला होता का? अंधेरीला?”

“नाय बा. मी इकडचीच. मुंबई दोनदा पाह्यली असेल.”

चपला बाहेर काढा असं कुणीही म्हणतं. दवाखान्यात म्हणतात, देवळात म्हणतात. मी स्वतःला हेच सांगत परत आले. दहा दिवसांनी विनूच्या कपाळाचे टाके तिसऱ्यांदा उसवले, आणि मी त्याला घेऊन गेले.

ऑफिसमध्ये संस्थेचे मॅनेजर होते, साठीचे गृहस्थ. दम्याचा त्रास असावा. मी फॉर्मवर सही केली. विनू माझ्या बाजूला उभा राहून पुढे-मागे झुलत होता. मी विचारलं, “दर रविवारी येऊ शकते ना?”

मॅनेजर खोकले. मग म्हणाले, “पहिला महिना येऊच नका. रुळू दे त्याला.”

आणि विनूने तेच म्हटलं. त्यांच्याच आवाजात. मॅनेजर हसले, “अरे वा! लगेच पाठ झालं?”

पण त्याने ते मागाहून म्हटलं नव्हतं, हे मला शपथेवर सांगायचंय. बरोबरीने म्हटलं. त्यांचा ‘पहिला’ आणि त्याचा ‘पहिला’ एकदमच सुरू झाले. मनात एकच आलं — याला घे आणि आत्ताच्या आत्ता पळ.

मी पळाले नाही. घरी ब्रेकर होता, युनिटमध्ये शेवटची वॉर्निंग मिळाली होती, आणि कुणाला सांगणार होते काय? की हा आधीच बोलतो म्हणून नको? मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याला ते आवडत नाही हे माहीत असून फिरवला. निघताना तो मागून म्हणत होता, ‘कांचन, डबो घेतलंस गो? कांचन, डबो घेतलंस गो?’ त्या बाईने मला हसून सांगितलं, “जेवण देतो हां त्याला, काळजी नका करू.”

आता जे लिहायचंय ते सगळ्यात कठीण आहे.

वही माझ्या पिशवीत होती. ती तिथे द्यायची, एकेक वाक्य समजावून सांगायचं, हे ठरलेलं होतं. अदितीने तर दोनदा बजावलं होतं. मी दिली नाही. कारण शेवटच्या पानावर ती तीन वाक्यं होती, पुढे तारखा, आणि माझ्या अक्षरात ‘हे कुठून आलं?’ असं चार वेळा लिहिलेलं. मॅनेजरनी ते वाचलं तर त्यांना वाटेल, बहीणही तसलीच. पान फाडून देता आलं असतं. पण ते फाडायलाही मला भीती वाटली. म्हटलं, घरी जाऊन नवी वही करते, ती तीन सोडून, आणि कुरियरने पाठवते. सोळा पानं झाली. मग युनिटमध्ये ऑडिट लागलं, रोज उशीर, आणि विनूशिवायच्या घरात मला ती वही उघडवेना.

तेविसाव्या दिवशी संस्थेतून फोन आला. विनूला सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलंय, या.

मी दुपारी पोचले तेव्हा तो बेशुद्ध होता. डॉक्टर म्हणाले, आतड्याला भोक पडलंय, विष अंगभर पसरलंय, दोन दिवस तरी दुखत असणार. काही बोलला कसा नाही?

बोलला होता. ती घोगऱ्या आवाजाची बाई कॉरिडॉरमध्ये पदर तोंडाला लावून बसली होती. म्हणाली, “ताई, परवापासून मला सारखा इचारत होता — पोटात दुखता काय रे, पोटात दुखता काय रे. मी म्हटलं, नाय रे बाबा, माझ्या नाय दुखत. मग डबा डबा करायला लागला. भूक लागली वाटलं. भात दिला तर फेकून दिला. पुन्हा डबा, डबा...”

मी तिला काहीच बोलले नाही. तिच्याकडे वही नव्हती.

विनू चार वाजून काही मिनिटांनी गेला. शुद्धीवर आला नाही. कागद झाले, आणि दोन वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आले. जुनी ट्रॉली. एक चाक वाकडं होतं आणि कॉरिडॉरच्या लाद्या उखडलेल्या. प्रत्येक लादीवर ती खडाड् खडाड् आपटत होती, आणि चादरीखाली त्याचं डोकं प्रत्येक वेळी हलत होतं. मी मागून चालत होते. तोंडातून आपोआप निघालं —

“हळू न्या ना... त्याला आवाज सहन होत नाही.”

शेवटी आवाज फाटला.

एक वॉर्डबॉय थांबला, माझ्याकडे बघितलं. त्याने वाकडं चाक उचलून धरलं आणि तसंच पुढे नेलं. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण मी भिंतीला धरून खाली बसले. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द तेच, मधला दम तोच, शेवटचं फाटणं तेच. आठ महिन्यांपूर्वी, आरेच्या बसमध्ये, त्याच्या तोंडून. इतरांची वाक्यं तो ऐकून बोलायचा. हे त्याने कुठून ऐकलं?

बाराव्यानंतर मी अदितीकडे गेले. तिच्यापुढे वही ठेवली, शेवटचं पान उघडून. तिने ते पान दोनदा वाचलं.

“ताई, आवाज कुठून आले ते मला नाही सांगता येणार. पण बसमध्ये तो हे बोलला, तेव्हा तुम्ही काय करत होता?”

वर हे मी लिहायचं टाळलं होतं, आता लिहिते. मी फोनवर होते. कामावरच्या बाईकडून त्या संस्थेचा नंबर घेत होते. ‘कायमचं ठेवतात का?’ असं विचारलं, फोन ठेवला, आणि त्यानंतर तो बोलला.

अदिती रडायला लागली. मला तेव्हा रडूही आलं नाही. ‘हळू न्या. त्याला आवाज सहन होत नाही.’ तो स्वतःबद्दल बोलत होता. कायम दुसऱ्यांच्या शब्दांत बोलायचा, तसाच. आणि या वेळी त्याने शब्द माझेच उसने घेतले, मी अजून न बोललेले. मी मात्र इतके महिने विचारत राहिले, हा आवाज कुणाचा, हा कुठून आला. त्या भगतानेही तेच विचारलं होतं. ‘विनू, तुला काय म्हणायचंय?’ हे मी त्या तीन वाक्यांच्या बाबतीत एकदाही विचारलं नाही. घाबरले होते ना.

ज्यांना कारणं सुचतील त्यांनी खाली जरूर लिहा. बसमधला आवाज मला भास झाला म्हणाल, तर पुढच्या सीटवरची बाई वळली होती. मॅनेजरचं वाक्य त्याने मागाहून म्हटलं म्हणाल, तर मी बाजूला उभी होते. योगायोग म्हणाल... म्हणा. मी स्वतः दुसऱ्यांच्या अनुभवांवर हेच म्हणत आले. माझ्याकडे कारण नाही, आणि ते मिळून आता काही होणारही नाही.

एक गोष्ट मात्र कुणीतरी विचारणारच — नंतर काही जाणवलं का? घरात कुणी असल्यासारखं, हाक वगैरे?

मी वाट बघितली. आयुष्यभर जी पुस्तकं वाचली त्यांत मेलेला माणूस परत येतोच. म्हणून मीही दिवा न लावता संध्याकाळी बसून राहिले. आईच्या आवाजात, बाबांच्या, कंडक्टरच्या, माझ्या... कुणाच्याही आवाजात चाललं असतं. दहा महिने झाले. काहीही आलेलं नाही.